सोन्याचा दात, चिनी मातीचा दात

काही वर्षांपूर्वी एका कविसंमेलनात माझ्या समोरच्या दातावरची कॅप निघाली. तीही कविता वाचता वाचता. 'समुद्र' म्हणायला गेलो आणि शिटी वाजली. लोक हसले नाहीत, पण पुढच्या ओळींतले 'स' मी गिळतच वाचले.

डॉक्टर म्हणाले, कॅप धड आहे, आतला दात किडलाय. हिरडीपाशी, कॅपच्या कडेचं सिमेंट झिजून फट पडली होती. कॅपला कीड लागत नाही, तिच्याखालच्या दाताला लागते. मी मात्र तो दात कायमचा बरा झाला असं धरून चाललो होतो.

मग या टोपीचा इतिहास वाचत गेलो. इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या अडीच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांत सोन्याच्या पट्टीने बांधलेले दात सापडतात. दहाव्या शतकात कॉर्डोबाजवळ राहणारे शल्यवैद्य अल-जहरावी हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधायला सांगतात. चांदी नको, ती हिरवी पडते, झिजते. पण हे झालं दात बांधणं. दातावर टोपी चढवणं बरंच पुढचं. १७२८ साली पॅरिसच्या पिएर फोशार यांनी दाताच्या मुळात खुंटी बसवून वर दात लावायची रीत लिहून ठेवली. पुढे त्याच शतकात सोन्याच्या टोप्या आल्या. त्या पत्रा ठोकून बनवत. कडा नीट बसणार कशा? फट राहायची, म्हणजे माझीच तक्रार.

ती बरीचशी मिटवली ती ओताऱ्याच्या जुन्या विद्येने. मेणाचा नमुना करायचा, त्याभोवती साचा, मेण वितळवून टाकायचं आणि त्या पोकळीत सोनं ओतायचं. आपल्याकडे देवाच्या मूर्ती अशाच घडतात. दातांसाठी ही रीत शिकागोच्या विल्यम टॅगर्ट यांनी १९०७ साली रूढ केली.

पण हसताना सोनं दिसतं. डेट्रॉइटचे चार्ल्स लँड यांनी चिनी मातीची टोपी काढली. (१९२७ साली एकट्याने अटलांटिक ओलांडणारे वैमानिक लिंडबर्ग हे त्यांचे नातू, मुलीचा मुलगा.) ती दिसायची अस्सल, पण दाढेवर बसवली की तडकायची. म्हणून १९६०च्या दशकात आत धातू आणि वर चिनी माती असा जोड आला. ताकद मिळाली, पण हिरडी मागे सरकली की कडेला काळी रेघ दिसू लागे. आता झिर्कोनिया आहे, काळी रेघ नाही. कडेची काळजी मात्र तशीच. चावताना कॅप उंच लागली, थंड पाण्याने कळ आली किंवा ती किंचित हलली, तर लगेच दाखवा. मी चार महिने थांबलो आणि रूट कॅनॉल करून घ्यावं लागलं.

आमच्या अब्बांच्या डाव्या बाजूला सोन्याचा दात होता. ते हसले की आम्ही मुलं तो मोजायचो, एक. ते गेले तेव्हा एका नातलगाने हळूच विचारलं, दात काढून घ्यायचा का? मोठ्या भावाने नुसतं पाहिलं. दात अब्बांबरोबरच गेला.