बैठकीतले मौन

समूहाने एकत्र बसून नव्या कल्पना काढण्याची जी रीत आज 'ब्रेनस्टॉर्मिंग' किंवा विचारमंथन या नावाने कार्यालयांपासून शाळांपर्यंत रुळली आहे, तिचे आजचे रूप अमेरिकेतील जाहिरात व्यवसायात घडले. 'बीबीडीओ' या जाहिरात संस्थेचे एक संस्थापक अ‍ॅलेक्स ऑस्बर्न यांनी १९३९ पासून आपल्या संस्थेत अशा बैठका भरवण्यास आरंभ केला, १९४८ च्या 'युअर क्रिएटिव्ह पॉवर' या पुस्तकातून ती रीत सामान्य वाचकांपर्यंत नेली आणि १९५३ च्या 'अप्लाइड इमॅजिनेशन'मध्ये तिची सविस्तर मांडणी केली. नियम चारच होते: बैठक चालू असेतो कोणाच्याही कल्पनेवर टीका करायची नाही, कल्पना कितीही अचाट असली तरी ती मांडायची, शक्य तितक्या जास्त कल्पना काढायच्या, आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालून किंवा दोन कल्पना जोडून तिसरी काढायची. पहिला नियम हा बाकीच्यांचा पाया होता, कारण माणसे बैठकीत गप्प बसतात ती सांगण्यासारखे काही नसते म्हणून नव्हे, तर आपले हसे होईल या धास्तीने, असे या पद्धतीचे गृहीतक होते. धास्ती दूर केली की कनिष्ठाचे म्हणणेही वरिष्ठाच्या म्हणण्याशेजारी कागदावर येईल, अशी अपेक्षा त्यामागे होती. समूहात बसलेला सामान्य माणूस एकट्याने काढल्या असत्या त्याच्या दुप्पट कल्पना काढतो, असा दावाही ऑस्बर्न यांनी केला, आणि पुढे चिकित्सकांनी बोट ठेवले ते नेमके याच दाव्यावर.

१९५८ मध्ये येल विद्यापीठातील डोनाल्ड टेलर, पॉल बेरी आणि क्लिफर्ड ब्लॉक यांनी ९६ विद्यार्थी घेऊन या दाव्याची परीक्षा केली. निम्मे विद्यार्थी चौघाचौघांच्या बारा गटांत बसले, उरलेल्या ४८ जणांनी एकेकट्याने तेच प्रश्न हाताळले आणि नंतर त्यांचे चौघाचौघांचे गट केवळ कागदावर जुळवण्यात आले. अशा कधीही एकत्र न बसलेल्या गटाला 'नॉमिनल' म्हणजे नाममात्र गट म्हटले जाते. प्रश्नांपैकी एक असा होता की माणसाच्या प्रत्येक हाताला आणखी एक अंगठा फुटला तर कोणते फायदे आणि कोणत्या अडचणी संभवतात. पुनरुक्ती वगळून मोजणी केली तेव्हा नाममात्र गटांच्या कल्पना खऱ्या गटांच्या जवळजवळ दुप्पट भरल्या. पुढे १९६३ मध्ये मार्विन डनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'थ्री-एम' कंपनीतील संशोधक आणि जाहिरात विभागातील कर्मचारी यांच्यावर असाच प्रयोग केला आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला. (पुढे १९८० मध्ये चिकटचिठ्ठ्या बाजारात आणून जगभरच्या बैठकांच्या भिंती रंगवणारी कंपनी हीच, हा योगायोग गमतीचा आहे.)

समूहात कल्पना कमी का व्हाव्यात याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास १९८७ उजाडावे लागले. जर्मनीतील ट्युबिंगन विद्यापीठात मिखाएल डील आणि वोल्फगांग श्ट्रोब यांनी तीन कारणे वेगवेगळी करून तपासली: इतर लोक आपल्याला जोखतील ही भीती, आपण काही केले नाही तरी गटाचे काम होईलच ही अंगचोरी, आणि एका वेळी एकच जण बोलू शकतो ही साधी अडचण. एका प्रयोगात त्यांनी माणसांना निरनिराळ्या खोल्यांत बसवून दिव्यांची योजना अशी केली की दुसरा कोणी बोलत असेतो आपल्याला बोलता येऊ नये. आसपास कोणीही नसताना केवळ या अटकावाने कल्पनांची संख्या घसरली. मुख्य अडसर भीतीचा नसून वाट पाहण्याचा होता: दुसऱ्याचे बोलणे ऐकत असताना माणूस स्वतःची कल्पना धरून ठेवतो, ती विसरतो, किंवा आता सांगण्यात अर्थ नाही असे ठरवून सोडून देतो. ऑस्बर्न यांनी टीकेला बंदी घातली, पण बोलण्याच्या क्रमाला शिस्त लावली नाही, आणि शिस्त नसलेल्या बैठकीत ज्याचा आवाज मोठा त्याचाच क्रम पहिला लागतो. तरीही हे प्रयोग बव्हंशी एकमेकांना अनोळखी असलेल्या विद्यार्थ्यांवर झाले आणि त्यांत कल्पनांची निव्वळ मोजदाद झाली, हे विसरता कामा नये. वर्षानुवर्षे एकत्र काम करणाऱ्या मंडळींना बैठकीतून इतरही पुष्कळ काही मिळते, आणि एकट्याने व समूहाने आलटून पालटून विचार करावा असे खुद्द ऑस्बर्न यांनीही सुचवले होते.

कारणाचा उलगडा होण्याच्या कितीतरी आधी उपाय मात्र सापडला होता, आणि तो होता कागदाचा. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील क्लॉड क्रॉफर्ड यांनी १९२० च्या दशकातच प्रत्येकाला कोऱ्या चिठ्ठ्या देऊन एका चिठ्ठीवर एकच विचार लिहून घेण्याची पद्धत वापरली होती. जर्मनीत १९६८ मध्ये बर्न्ड रोरबाख यांनी सहा जणांनी प्रत्येकी तीन कल्पना पाच मिनिटांत लिहायच्या आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा, अशी '६-३-५' पद्धत मांडली, जिच्यात अर्ध्या तासात कागदोपत्री १०८ कल्पना जमतात.

सर्वांत विचारपूर्वक रचना मात्र विस्कॉन्सिन विद्यापीठातील आंद्रे डेलबेक आणि अँड्र्यू व्हॅन डी व्हेन यांची होती, आणि तिच्यामागे केवळ कार्यक्षमतेचा नव्हे तर राजकारणाचाही प्रश्न होता. अमेरिकेत १९६४ च्या आर्थिक संधी कायद्याने दारिद्र्य निर्मूलनाच्या स्थानिक कार्यक्रमांत गरिबांचा शक्य तितका सहभाग असावा असे बंधन घातले, आणि त्यामुळे ज्यांच्यासाठी योजना आखायच्या ते रहिवासी आणि योजना आखणारे अधिकारी, डॉक्टर, समाजसेवक एका टेबलाशी आले. परंतु टेबल एक झाले म्हणून बोलणे समान होत नाही. डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन यांच्या १९७१ च्या लेखातील क्रमानुसार पहिल्या टप्प्यात सेवा घेणाऱ्या लोकांचीच बैठक होते, अडचणी कोणत्या हे तेच ठरवतात, आणि तज्ज्ञ उपाय सांगण्यासाठी त्यानंतर येतात. खुद्द बैठकही मौनाने सुरू होते: प्रत्येक जण स्वतःशी लिहितो, मग एकेकाने क्रमाने एकच मुद्दा वाचायचा आणि संचालकाने तो त्याच्याच शब्दांत सर्वांसमोर लावलेल्या मोठ्या कागदावर उतरवायचा, अशा फेऱ्यांवर फेऱ्या होतात, चर्चा त्यानंतर, तीही अर्थ स्पष्ट करण्यापुरती, आणि शेवटी प्रत्येक जण आपले पसंतीक्रम गुप्तपणे लिहून देतो. 'नॉमिनल ग्रुप टेक्निक' या नावाने प्रसिद्ध झालेली ही पद्धत रुक्ष आहे, तिच्यात गप्पांची मजा नाही, पण तिच्यातील रुक्षता हेतुपुरस्सर आहे, कारण वाक्पटू माणसाला लाभ देणारी प्रत्येक जागा तिने एकेक करून बंद केली आहे.

जपानमध्ये कागदाचा हाच मार्ग वेगळ्या गरजेतून सापडला. मानवशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांच्याकडे १९५० च्या दशकातील नेपाळ मोहिमांतून टिपणांचे ढीग जमले होते. प्रत्येक नोंद स्वतंत्र चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठ्या पसरायच्या, एकमेकींजवळच्या वाटतात त्या शेजारी ठेवायच्या आणि जमलेल्या पुंजक्याला नाव नंतर द्यायचे, अशी रीत त्यांनी बसवली आणि १९६७ मध्ये पुस्तकरूपाने मांडली. वर्गवारी आधीच ठरलेली नसल्याने कोणत्याही गटात न बसणारी एकटी चिठ्ठीही टाकून दिली जात नाही. पसरलेल्या चिठ्ठ्यांत कोणती कोणाची हे मागे पडते, आणि ज्येष्ठतेचा दाब मोठा असलेल्या कार्यालयांत हा गुण मोलाचाच होता. कावाकिता यांना १९८४ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला तो मात्र कार्यालयांतील वापरासाठी नव्हे: नेपाळमधील दुर्गम खेड्यांतील लोकांना स्वतःच्या अडचणींचा शोध घेण्यात सहभागी करून घेतल्याबद्दल तो होता, आणि त्यातून तेथे पिण्याचे पाणी व दऱ्या ओलांडणारे दोरमार्ग आले.

खेड्यांत गेल्यावर कागदाची मर्यादाही उघड होते, कारण मूक लेखनाची सगळी पद्धत साक्षरतेवर उभी आहे, आणि निरक्षर माणसासाठी दुसऱ्याने लिहून दिले की गुप्तता तिथेच संपते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतातील स्वयंसेवी संस्थांनी, विशेषतः गुजरात आणि कर्नाटकात, जमिनीवर रांगोळी, बिया आणि खडे यांनी गावाचा नकाशा मांडण्याची जी पद्धत वाढवली आणि जिचा विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी जगभर प्रसार केला, ती सहभागी ग्रामीण मूल्यावलोकनाची पद्धत या अडचणीला दिलेले उत्तर मानता येईल. महाराष्ट्रातही शिवारफेरी आणि सामाजिक नकाशा हे शब्द गावांच्या नियोजनात रुळले. परंतु चौकातल्या नकाशाभोवती उभे कोण राहते, हे गावातली जात आणि पुरुषपण ठरवते. म्हणून स्त्रियांचा नकाशा स्वतंत्रपणे काढून घेण्याची प्रथा या कामात लवकरच पडली, आणि दोन नकाशांत तफावत दिसल्यास कोणता खरा हे न ठरवता दोन्ही पुढच्या बैठकीत मांडावेत, असे चांगले प्रशिक्षक सांगतात.