डोक्यावरची वलणी

नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलं की पहिल्या आठवड्यातच कपडे वाळत घालायचा स्टँड बसवणाऱ्याला बोलावणं जातं. तो येतो, ड्रिलनं भिंतीला चार भोकं पाडतो, त्यांत प्लॅस्टिकचे प्लग ठोकतो, स्क्रू पिळतो आणि अर्ध्या तासात निघून जातो. या चार भोकांपर्यंत पोचायला आपल्या घरांना मात्र बराच काळ लागला.

जुन्या वाड्यात भोक पाडायची गरजच नव्हती. वर लाकडी तुळया होत्या. त्यांना दोन दोऱ्या बांधायच्या, दोऱ्यांत बांबू अडकवायचा, झाली वलणी. ती हात पोचणार नाही इतकी उंच असे. धुतलेलं लुगडं काठीच्या टोकावर घ्यायचं, वर चढवायचं आणि त्याच काठीनं सुरकुती न पडू देता पसरायचं. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर सुती कापड, तेही ओलं. रोजचं हे काम बायकांच्या खांद्यांनी केलं आहे, इतिहासाच्या पुस्तकांनी त्याची फारशी नोंद घेतली नसली तरी.

अंगण आणि परस असताना इतकी उंची कशासाठी? कारण होतं सोवळं. ब्राह्मणी घरांत स्वयंपाकाचं आणि पूजेचं वस्त्र धुऊन अशा जागी वाळवत, की त्याला कुणाचा स्पर्श होऊ नये. ‘कुणाचा’ या शब्दात पुष्कळ माणसं होती. शाळेतून आलेली मुलं होती, घरातलीच बाजूला बसलेली सून होती, आणि ज्यांना त्या घराचा उंबरा ओलांडायचीही मुभा नव्हती ते तर होतेच. पावसाळ्यात सुती वस्त्र वाळत नसे. मग रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी कामी येई, कारण रेशीम आणि लोकर सहसा विटाळत नाहीत अशी समजूत होती. ज्या घरात तेही नसे, तिथं बाईनं ओलेत्यानंच चुलीपुढं बसायचं. घरातल्या विधवेला ‘सोवळी’ म्हणत आणि बऱ्याच घरांत हे काम तिच्याच वाट्याला येई. वलणीची उंची मोजायची ती तिच्या बाजूनं.

मुंबईत वलणी आली आणि उंचीचं कारण बदललं. १८९६ मध्ये शहरात प्लेगची साथ आली. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि घरात उजेड-वारा किती यावा, याची चर्चा सरकारदरबारी सुरू झाली. १९२० नंतर बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोडला मिळून २०७ चाळी बांधल्या. त्याच या बीडीडी चाळी. एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. त्यातच चूल, त्यातच झोपणं, आणि एका पाळीचे गिरणी कामगार उठले की त्याच जागेवर दुसऱ्या पाळीचे आडवे होणार. जमिनीवर कपड्यांना जागाच नव्हती. साहजिकच ते पुन्हा वर गेले. सोवळ्यासाठी शिकलेली काठीची हातोटी आता दाटीसाठी उपयोगी पडली. आणि ज्यांच्या स्पर्शाला ही काठी भीत होती, त्यांच्याही घरांत ती आली.

पण या चाळी काँक्रीटच्या होत्या. वर तुळई नाही, मग दोरी बांधायची कशाला? भिंतीत खिळा मारावा तर गिलावा निखळतो. सुतार छिन्नीनं मोठं भोक पाडत, त्यात लाकडाची गुट्टी ठोकत आणि गुट्टीत स्क्रू पिळत. काम मजबूत होई, पण भिंतीचा चेहरा जाई, आणि ओल लागून लाकूड फुगलं किंवा कुजलं की सगळंच हलू लागे.

यावरचा उपाय लंडनमध्ये निघाला होता. तिथल्या ब्रिटिश म्युझियमला विजेची जोडणी करायची होती, पण भिंतींची मोडतोड नको होती. जॉन जोसेफ रॉलिंग्ज या कंत्राटदारानं १९११ च्या सुमारास तागाच्या धाग्यांचा छोटा प्लग तयार केला. आपले मिस्त्री ज्याला रावलप्लग म्हणतात, तो मूळचा हा. स्क्रू आत शिरला की प्लग फुगतो आणि भोकाच्या कडांना घट्ट धरतो. १९५८ मध्ये जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी तो नायलॉनचा केला. नायलॉन कुजत नाही, त्यामुळे न्हाणीघराच्या ओल्या भिंतीतही स्क्रू टिकू लागला.

ओल्या कपड्यांचं वजन आपल्याला वाटतं त्याहून जास्त असतं. सुती चादर, दोन टॉवेल आणि जीन्स एकाच वेळी टाकल्या की भिंतीवरच्या स्टँडचा वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो. म्हणून भोक गिलाव्यात नव्हे, आतल्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये पुरेसं खोल जायला हवं. पोकळ ब्लॉकच्या भिंतीला प्लगही वेगळा लागतो. कारागिरानं भिंत बोटानं वाजवून पाहिली, तर तो काम जाणणारा समजावा.

छताला टांगायच्या स्टँडमध्ये विहिरीवरची कप्पी घरात आली. स्टीलच्या सहा नळ्या, प्रत्येकीला स्वतंत्र दोरी. हवी ती नळी कमरेपर्यंत खाली घ्या, कपडे पसरा, ओढून वर करा आणि दोरी भिंतीवरच्या हुकाला गुंडाळा. काठी धरून मान वर करायचं कारण उरलं नाही. तरी काही घरांत स्टँडच्या शेजारी, दाराच्या मागे एक काठी अजून उभी असते. ती कशाला ठेवली आहे, हे घरातल्या आजींनाच विचारावं.