बायको एफ-१ वर, नवरा एच-१बी वर: अमेरिकेत टॅक्स रिटर्न भरायचं कसं?

जानेवारी संपत आला की अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरायला लागतो. डब्ल्यू-२ आला का? डब्ल्यू-२ म्हणजे आपल्याकडच्या फॉर्म १६ चा अमेरिकन भाऊ. वर्षभरात पगार किती दिला आणि त्यातून कर किती कापला, हे नोकरी देणाऱ्याने लिहून दिलेला कागद. तो हातात पडला की कुणीतरी सीनियर सांगतो, अमुक सॉफ्टवेअर फुकट आहे, दहा मिनिटांत काम होतं. गोंधळ तिथेच सुरू होतो. बाजारातली बहुतेक लोकप्रिय सॉफ्टवेअर १०४० हा अमेरिकेच्या रहिवाशांचा फॉर्म भरून देतात. बहुतेक विद्यार्थ्यांनी भरायचा असतो तो १०४०-एनआर. यातलं 'एनआर' म्हणजे नॉन-रेसिडेंट.

रेसिडेंट कोण, हे व्हिसा नाही, दिवस ठरवतात

करासाठी 'रेसिडेंट' असणं आणि ग्रीन कार्ड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेचा आयकर विभाग, म्हणजे आयआरएस, दिवस मोजतो. चालू वर्षातले सगळे दिवस, त्याआधीच्या वर्षातल्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याच्याही आधीच्या वर्षातल्या दिवसांचा एक षष्ठांश, अशी बेरीज करायची. ती १८३ किंवा जास्त झाली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस मुक्काम असेल, तर माणूस करापुरता रेसिडेंट.

एफ-१ वरच्या विद्यार्थ्यांचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस मात्र या बेरजेत धरतच नाहीत. 'कॅलेंडर वर्ष' हा शब्द इथे महत्त्वाचा. ऑगस्ट २०२१ मध्ये गेलेल्या मुलीची पाच वर्षं ऑगस्ट २०२६ मध्ये संपत नाहीत. २०२१, २२, २३, २४ आणि २५ ही झाली पाच. १ जानेवारी २०२६ पासून तिचे दिवस मोजायला सुरुवात. अगदी २८ डिसेंबरला विमान उतरलं असतं, तरी २०२१ हे अख्खं वर्ष खर्ची पडलंच असतं.

एच-१बी वरचे दिवस पहिल्या दिवसापासून मोजतात. एच-१बी बऱ्याचदा १ ऑक्टोबरला सुरू होतो. तिथून वर्षअखेरपर्यंत ९२ दिवस होतात. त्यामुळे पाच वर्षं पूर्ण न झालेला विद्यार्थी त्या वर्षी सहसा नॉन-रेसिडेंटच राहतो. नवी नोकरी लागली, पगार वाढला, म्हणून लगेच १०४० भरायला घेणारे इथे फसतात.

कमाई शून्य असली तरी एक फॉर्म

ज्यांचे दिवस मोजले जात नाहीत, त्या प्रत्येकाने फॉर्म ८८४३ पाठवायचा असतो. वर्षभरात एक डॉलरही कमावला नसला तरी. एफ-२ वर सोबत गेलेल्या नवऱ्याने किंवा बायकोनेही, आणि मुलांच्या नावानेही, प्रत्येकी वेगळा. उत्पन्न नसेल तर तो एकटाच टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या पत्त्यावर टपालाने जातो आणि मुदत १५ जूनपर्यंत असते. पगार असेल तर तो १०४०-एनआरला जोडायचा आणि मुदत १५ एप्रिल. घरच्यांचा ८८४३ विसरणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक असावी, कारण 'बायको कमावतच नाही, तिचा कसला टॅक्स?' हा विचार अगदी स्वाभाविक आहे.

भारतीय विद्यार्थ्यांची खास सवलत

नॉन-रेसिडेंटना अमेरिकेत स्टँडर्ड डिडक्शन मिळत नाही. याला अपवाद भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यांचा. भारत आणि अमेरिकेमधला करविषयक करार १९८९ मध्ये झाला आणि त्याच्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्याला ही वजावट घेता येते. २०२५ या वर्षासाठी ती १५,७५० डॉलर आहे. कॅम्पसवर आठवड्याला वीस तास लायब्ररीत किंवा मेसमध्ये काम करून ९,००० डॉलर मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचा केंद्रीय आयकर त्यामुळे शून्य होतो आणि पगारातून कापलेली रक्कम परत मिळते. शेजारच्या डेस्कवरच्या दुसऱ्या देशाच्या मुलाला हे मिळेलच असं नाही, म्हणून त्याचा फॉर्म बघून आपला भरू नये.

दुसरी बचत पगाराच्या स्लिपवरच तपासता येते. सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के, मिळून ७.६५ टक्के, हे नॉन-रेसिडेंट असलेल्या एफ-१ विद्यार्थ्याच्या परवानगीच्या कामातून कापायचे नसतात. ओपीटीवरही नाही. पण लहान कंपन्यांच्या पगार विभागाला हे बऱ्याचदा माहीत नसतं. ६०,००० डॉलर पगारावर ही रक्कम ४,५९० डॉलर होते, म्हणजे गप्प बसण्यासारखी नाही. आधी कंपनीकडे परतावा मागायचा. कंपनीने हात वर केले तर फॉर्म ८४३ आणि त्यासोबत ८३१६ भरून थेट आयआरएसकडे. भारत आणि अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा करार नसल्यामुळे चुकून कापलेले हे पैसे परत मागण्यात आणखीच अर्थ आहे.

जोडीदार कमावता असेल तर

इथे व्हिसाचा प्रकार महत्त्वाचा. एफ-२ वर नोकरी करताच येत नाही. जे-२ वर कामाची परवानगी काढता येते, पण त्या पगारातून ७.६५ टक्के कापले जातात. ती सूट जे-१ वरच्या विद्यार्थ्याला असते, जोडीदाराला नाही. एच-४ वरच्या काही जोडीदारांना २०१५ पासून कामाची परवानगी मिळते, त्यांचेही पैसे कापतात. एफ-२ वर अमेरिकेत बसून पुण्यातल्या कंपनीचं काम ऑनलाइन करणारेही असतात. पगार पुण्याच्या खात्यात जमा झाला म्हणून अमेरिकेचा संबंध नाही, असं नसतं. काम जिथे बसून केलं तिथलं ते उत्पन्न, असा अमेरिकेच्या कर कायद्याचा हिशेब आहे. व्हिसाचा प्रश्न त्याहून वेगळा आणि जास्त नाजूक, तो इमिग्रेशन वकिलालाच विचारावा.

दोघंही नॉन-रेसिडेंट असतील तर एकत्र रिटर्न भरता येत नाही. दोघांनी वेगवेगळे १०४०-एनआर भरायचे आणि त्यावर 'मॅरीड फायलिंग सेपरेटली' या चौकोनात खूण करायची. जोडीदार नाशिकला असला तरी 'सिंगल' लिहायचं नाही.

खरी निवड असते ती एक नॉन-रेसिडेंट आणि एक रेसिडेंट असताना. समजा बायको एफ-१ वर एमएस करते आहे आणि तिला कॅम्पसवरच्या कामाचे ९,००० डॉलर मिळाले. नवरा वर्षभर एच-१बी वर आहे, पगार ९५,००० डॉलर. दोघांनी वेगळं भरलं तर बायकोचा कर शून्य. नवऱ्याच्या पगारातून १५,७५० वजा होऊन ७९,२५० डॉलरवर कर लागतो, २०२५ च्या दरांनी सुमारे १२,३४९ डॉलर.

कायदा या जोडप्याला दुसरा रस्ताही देतो. वर्षाच्या शेवटच्या दिवशी एक जण रेसिडेंट असेल तर दुसऱ्यालाही संपूर्ण वर्षासाठी रेसिडेंट धरा, असं दोघांनी सही करून लिहून द्यायचं आणि एकत्र १०४० भरायचा. मग एकूण १,०४,००० मधून ३१,५०० वजा होतात, उरलेल्या ७२,५०० वर कर येतो सुमारे ८,२२३ डॉलर. चार हजारांहून जास्त वाचले. शिवाय नॉन-रेसिडेंटला न मिळणारी शिक्षणाची सवलत आता खुली होते. एमएसच्या फीवर 'लाइफटाइम लर्निंग क्रेडिट' जास्तीत जास्त २,००० डॉलरपर्यंत मिळू शकतं. हे क्रेडिट सरळ करातून वजा होतं.

मग सगळेच हे का करत नाहीत? कारण रेसिडेंट म्हटलं की जगभरातलं उत्पन्न दाखवावं लागतं. कोल्हापूरच्या बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याज, नावावर असलेल्या फ्लॅटचं भाडं, म्युच्युअल फंड, सगळं आलं. भारतीय म्युच्युअल फंडांचे अमेरिकन नियम तर इतके किचकट आहेत की थोड्याशा युनिट्ससाठी सीपीएची फीच वाचलेला कर खाऊन टाकेल. ही निवड एकदा केली की पुढच्या वर्षांनाही लागू राहते, आणि एकदा सोडली की त्याच जोडप्याला पुन्हा करता येत नाही. भारतात फारसं काही नसलेल्या तरुण जोडप्याला एकत्र भरणं बहुधा फायद्याचं ठरतं. बाकीच्यांनी दोन्ही बाजूंनी आकडे मांडून बघावेत.

जोडीदाराकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल, जसा एफ-२ वाल्यांना मिळत नाही, तर रिटर्नसोबत फॉर्म डब्ल्यू-७ जोडून आयटीआयएन मागायचा. त्यासाठी पासपोर्टची साधी झेरॉक्स चालत नाही. मूळ पासपोर्ट टपालात टाकायची धास्ती वाटत असेल तर आयआरएसने मान्यता दिलेल्या एजंटकडे जाऊन तो दाखवता येतो.

आधीच चुकीचा फॉर्म गेला असेल तर

नॉन-रेसिडेंट असताना १०४० भरून शिक्षणाची सवलत घेतली असेल, तर दुरुस्तीचा फॉर्म १०४०-एक्स आहे. पत्र येण्याची वाट न पाहता स्वतःहून दुरुस्ती केलेली बरी, कारण पुढे ग्रीन कार्डच्या वेळी जुनी रिटर्न्स मागितली जाऊ शकतात. मुदत गाठता येत नसेल तर फॉर्म ४८६८ भरून सहा महिने वाढवून मिळतात. ही वाढ फक्त कागद भरायला असते. देणं असलेला कर १५ एप्रिललाच भरायचा.

मोबाइलवरून शेअर्स घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक कडू बातमी आहे. वर्षात १८३ दिवस अमेरिकेत राहिलेल्या नॉन-रेसिडेंटला शेअर्सच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर लागतो, आणि स्टँडर्ड डिडक्शन त्याला वाचवत नाही. बँकेच्या साध्या बचत खात्यावरच्या व्याजाला मात्र नॉन-रेसिडेंट असेपर्यंत केंद्रीय कर नाही.

राज्याचा हिशेब वेगळा. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन इथे पगारावर राज्याचा आयकर नाही. कॅलिफोर्निया केंद्राने केलेले करार मानत नाही. त्यामुळे राज्याचं रिटर्न हे केंद्राच्या रिटर्नची नक्कल समजू नये, त्या राज्याच्या कर विभागाच्या सूचना वाचूनच भरावं.