विषय निवडायचा हक्क मिळाला, पण सांगणारा कुठाय?

जून महिना आला की आपल्या गावात एक ठरलेलं दृश्य दिसतं. सायबर कॅफेसमोर दुचाकींची रांग, हातात झेरॉक्सचा गठ्ठा, आणि आत कॉम्प्युटरसमोर बसलेला पोरगा बाहेरच्या बापाला विचारतोय, "मायनर काय टाकू?" बापाला मेजर कळत नाही, मायनर कुठून कळणार? मग कॅफेवाला म्हणतो, "सगळे हेच टाकतायत, टाक." आणि झालं. तीन-चार वर्षांचा निर्णय पाच मिनिटांत.

माझ्याकडेही या दिवसांत फोन येतात. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, आयकेएस... ही अक्षरं ऐकून पालक घाबरून जातात. म्हणून म्हटलं, या भानगडीचा इतिहास एकदा नीट सांगावा. कारण विषय निवडणं हे आज कटकटीचं वाटत असलं, तरी ते मिळवायला जगाला आणि आपल्यालाही बराच काळ लागलाय. आणि त्याच्या सोबत जी दुसरी गोष्ट यायला हवी होती, ती आपल्याकडे अजून नीट आलेली नाही.

सुरुवात आपल्यापासूनच करू. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं 18 जुलै 1857 ला. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. म्हणजे विद्यापीठानं अभ्यासक्रम ठरवायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची; शिकवायचं कॉलेजांनी. 1862 साली पहिले बी. ए. झाले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. केवढी मोठी माणसं! पण त्यांनी काय शिकायचं हे बरंचसं आधीच छापलेलं होतं. पुढे ऐच्छिक विषय वाढले, गट आले, पण चौकट तीच राहिली. गट एकदा घेतला की घेतला. आपल्या पिढीनंही हेच केलं. दहावीला मार्क बरे पडले तर सायन्स, मध्यम पडले तर कॉमर्स, उरले तर आर्ट्स. पुढे पहिल्या वर्षी तीन-चार विषय आणि शेवटच्या वर्षी एक. निवड अशी नव्हतीच, फक्त गाळणी होती.

आणि काही जणांना तर त्या गाळणीच्या आधीच अडवलं गेलं. भीमराव आंबेडकर मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये होते. त्यांना संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते शिकू दिलं नाही, म्हणून पर्शियन घ्यावं लागलं. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टानं शिकून घेतलं. विषय निवडणं ही केवळ आवडीनिवडीची बाब नसते, हे यावरून ध्यानात घ्या. कुणाला कुठला विषय मिळणार, यात समाजाची सगळी उतरंड दिसते.

आता तेच भीमराव 1913 साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात गेले. शिक्षण झाल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार होता. तिथे तीन वर्षांत त्यांनी किती विषय घेतले पाहा. अर्थशास्त्राचे 29 कोर्स, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन एक-एक. एकूण 60! ज्या मुलाला शाळेत एक विषय नाकारला होता, त्याच्यासमोर अख्खं ताट वाढलं गेलं.

पण तिथे नुसतं ताट नव्हतं, वाढणारेही होते. अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन त्यांचे मार्गदर्शक होते. जॉन ड्यूईंच्या व्याख्यानांना ते बसत आणि त्या विचारांची छाप त्यांच्यावर आयुष्यभर राहिली. 9 मे 1916 ला त्यांनी भारतातल्या जातींवरचा आपला प्रसिद्ध निबंध वाचला, तो अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे, तर डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. विचार करा, अर्थशास्त्र हा मुख्य विषय असलेल्या विद्यार्थ्याला मानववंशशास्त्राच्या वर्गात बसायची मुभा नसती, तर तो निबंध त्या रूपात आला असता का?

ही मुभा अमेरिकेतही आपोआप आलेली नव्हती. 1825 मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठ सुरू झालं तेव्हा थॉमस जेफरसननं विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या शाखांतून निवड करू द्यायचं ठरवलं. लगेच तीन वर्षांनी, 1828 मध्ये, येल कॉलेजनं एक अहवाल काढून उलट बाजू मांडली. मुलांची बुद्धी आधी घडवावी लागते. लॅटिन, ग्रीक, गणित सगळ्यांनी शिकलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. हा वाद पुढे चाळीस वर्षं चालू राहिला.

1869 मध्ये चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी पारडं फिरवलं. ते 1909 पर्यंत, तब्बल 40 वर्षं, त्या पदावर होते. त्यांनी एकेक सक्तीचा विषय काढत नेला. शतक संपेपर्यंत पहिल्या वर्षाचं इंग्रजी लेखन आणि एखादी परकी भाषा सोडली, तर जवळजवळ सगळं विद्यार्थ्याच्या मर्जीवर आलं.

मग काय झालं? जे आज आपल्या कॅफेत होतं तेच. पुष्कळ पोरांनी सोपे विषय शोधले. सकाळी लवकर उठावं लागणार नाही असे तास शोधले. कशाचा कशाला मेळ नाही अशा विषयांची भेळ करून पदवी घेतली. हुशार मुलाला या मोकळीकीचं सोनं करता आलं, बाकीचे भरकटले. एलियटनंतर आलेल्या लॉवेल यांनी म्हणून नवी शिस्त घातली. एका विषयात खोल जायचं आणि बाकीचे विषय वेगवेगळ्या शाखांत पसरून घ्यायचे. आज आपल्या फॉर्मवर जे मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह दिसतं ना, त्याची कल्पना तिथली आहे.

याच काळात दुसरी एक गोष्ट जन्माला आली, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची. 1876 मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ सुरू झालं. तिथले अध्यक्ष गिलमन यांनी पदवीच्या विद्यार्थ्यांना सल्लागार प्राध्यापक नेमून द्यायची पद्धत घातली. विषय निवडताना या प्राध्यापकाशी बोलायचं. हार्वर्डनंही 1880 च्या दशकाच्या अखेरीस पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सल्लागार मंडळ नेमलं. म्हणजे ज्यांनी मोकळीक दिली, त्यांना थोड्याच वर्षांत कळून चुकलं की सोबत माणूसही द्यावा लागतो.

अर्थात सल्लागार म्हणतो ते सगळं ऐकलंच पाहिजे असं नाही! याचं उदाहरण आपल्या गोव्याचं आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डला शिकत होते. थोर गणिती बर्कहॉफ यांनी त्यांना सांगितलं की गणितावरच लक्ष दे. कोसंबींनी ऐकलं नाही. नाना विषय घेतले, त्यांत चमकले आणि 1929 मध्ये सर्वोच्च सन्मानासह पदवी घेऊन बाहेर पडले. पुढे गणित करता करता त्यांनी जुनी नाणी तोलली, संस्कृत ग्रंथांचं संपादन केलं आणि 1956 मध्ये भारतीय इतिहासाचा पायाभूत ग्रंथ लिहिला. पण एक लक्षात ठेवा, सल्ला नाकारायलाही आधी तो देणारा कुणीतरी लागतो. शिवाय कोसंबींचे वडील धर्मानंद स्वतः हार्वर्डमध्ये काम केलेले विद्वान. ज्याच्या घरात पहिल्यांदाच कुणीतरी कॉलेजला जातंय, त्याचं काय?

आता आपल्याकडे येऊ. यूजीसीनं 2015 च्या सुमारास निवडीवर आधारित श्रेयांक पद्धत पुढे आणली. 29 जुलै 2020 ला केंद्रानं नवं शैक्षणिक धोरण मंजूर केलं. 2021 मध्ये श्रेयांक जमा ठेवायची अॅकॅडमिक बँक आली. डिसेंबर 2022 मध्ये पदवीची नवी चौकट आली. तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक, चार वर्षांच्या पदवीला 160. साधारण 15 तासांचं व्याख्यान म्हणजे एक श्रेयांक, प्रात्यक्षिकाला 30 तास. महाराष्ट्रात आधी 2023-24 पासून स्वायत्त कॉलेजांत आणि मग 2024-25 पासून संलग्न कॉलेजांत हे सुरू झालं.

कागदावर हे चांगलंच आहे, मी विरोधात नाही. इतिहासाच्या पोरीला संगणक घेता यावा, कॉमर्सच्या पोराला तत्त्वज्ञान घेता यावं, हे व्हायलाच हवं होतं. पण तालुक्याच्या कॉलेजात जागा रिकाम्या, अर्धे प्राध्यापक तासिका तत्त्वावर. मग निवड कशातून करायची? ज्या विषयाला माणूस आहे तोच ओपन इलेक्टिव्ह. मुंबई-पुण्याच्या मुलाला थाळी आणि आपल्या मुलाला झुणका-भाकर, आणि वर दोघांना सांगायचं की तुम्हाला सारखीच निवड दिली आहे!

आणि सल्लागार? नॅकच्या मूल्यमापनात एका मेंटॉरमागे किती विद्यार्थी, हा प्रश्न विचारला गेलेला आहे. त्यामुळे पुष्कळ कॉलेजांत मेंटॉरची यादी असते, फाइल असते, सह्या असतात. तुमच्या मुलाला विचारून बघा, तुझा मेंटॉर कोण? नाव सांगता आलं तर आनंद आहे.

म्हणून रजिस्ट्रेशनच्या आधी एवढं करा. फक्त पहिल्या सेमिस्टरचे विषय बघू नका, सहाही सेमिस्टरची रचना मागून घ्या. पुढे एम. ए., एम. एस्सी. किंवा बी. एड. करायचं असेल तर पदवीला कुठला विषय लागतो ते आधी पाहा. दोन विषयांचे तास एकाच वेळी येत नाहीत ना, आणि शेवटच्या तासानंतर गावाकडची एसटी मिळते ना, हेही बघा. यात लाजण्यासारखं काही नाही. अॅकॅडमिक बँकेचा आयडी काढून घ्या, कारण पुढे शिक्षण मध्येच सुटलं तर तिथले श्रेयांक सात वर्षांपर्यंत उपयोगी पडू शकतात. पहिल्या वर्षानंतर मेजर बदलता येतो का, हे कॉलेजला स्पष्ट विचारा. आणि त्या विषयाच्या वरच्या वर्गातल्या एखाद्या मुलाशी बोला.

कॉलेजांच्या संस्थाचालकांना, आपल्यातल्या माजी विद्यार्थ्यांना एकच मागणी. प्रवेशाच्या पंधरा दिवसांत कॉलेजात एक टेबल लावा. दोन प्राध्यापक, दोन सीनियर विद्यार्थी, सकाळी दहा ते चार. त्याला शासन निर्णय लागत नाही, निधीही लागत नाही. आपल्या गावातले निवृत्त शिक्षक बोलावलं तर आनंदानं येतील.

एका मुलाला संस्कृत नाकारणाऱ्या काळापासून आपण पुढे आलो आहोत, यात शंका नाही. आता फॉर्मवर रकाने सगळ्यांनाच सारखे आहेत. ते कसे भरायचे हे कळणारा माणूसही सगळ्यांच्या वाट्याला आला पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

पोस्ट लांबली. पण ज्यांच्या घरात यंदा बारावी पास झालेलं कुणी आहे, त्यांच्यापर्यंत नक्की पोचवा.