धूर, अग्नी आणि कार्बोरेटर



तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेलेल्या आमच्यासारख्या माणसाने कार्बोरेटरवर बोलावं, याचं काही श्रोत्यांना नवल वाटलं असेल. आमच्या घरातही वाटलं. पण यंत्राचा इतिहास दोन तऱ्हेने सांगता येतो. एक, कोणी काय शोधलं आणि कुठल्या साली. दुसरा, ते यंत्र बिघडल्यावर काय बिघडलंय हे कोणी आणि कशावरून ओळखलं. पहिला इतिहास पुस्तकात सापडतो, दुसरा फारसा लिहिलाच जात नाही. आज दोन्ही थोडे थोडे पाहू. शेवटी आमच्याच एका चुकीचा हिशेबही द्यायचा आहे. खरं तर त्या चुकीमुळेच हा विषय घेतला.

सुरुवात अगदी मुळापासून करू. पेट्रोल जळतं असं आपण म्हणतो, पण द्रवरूप पेट्रोल इंजिनात नीट जळत नाही. त्याची वाफ किंवा बारीक तुषार व्हावे लागतात आणि ते हवेत ठरावीक प्रमाणात मिसळावे लागतात. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल यापेक्षा जास्त झालं तर मिश्रण ‘रिच’, कमी झालं तर ‘लीन’. हे प्रमाण सांभाळणारं भांडं म्हणजे कार्बोरेटर. आपल्या गॅरेजच्या भाषेत ‘कार्बेटर’.

कार्ल बेंझ यांच्या १८८६ च्या गाडीत हे काम फार साध्या रीतीने व्हायचं. इंधनाच्या पृष्ठभागावरून हवा जायची आणि वाफ घेऊन पुढे सरकायची. १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ दोन मुलांना घेऊन या गाडीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. पेट्रोलपंप कुठून असणार? वाटेत वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून त्यांनी इंधन विकत घेतलं. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन काढून ती मोकळी केली. मोटारीच्या पहिल्या लांबच्या प्रवासाची ही गोष्ट सगळे सांगतात. आम्हाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते: वाटेत इंधनमार्गातला कचरा काढणाऱ्या मंडळींची परंपरा इथूनच सुरू होते.

पुढे १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी तुषार उडवणारा कार्बोरेटर आणला. त्याच वर्षी हंगेरीत दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनीही तशाच रचनेचं पेटंट घेतलं. यामागचं तत्त्व मात्र दीडशे वर्षं जुनं. दानिएल बर्नुली यांनी १७३८ च्या आपल्या ग्रंथात वाहत्या द्रवाचा वेग आणि दाब यांचा संबंध मांडला होता. इटलीच्या जोव्हान्नी बात्तिस्ता व्हेंतुरी यांनी १७९७ मध्ये अरुंद होत जाणाऱ्या नळीचे प्रयोग प्रसिद्ध केले. वाट अरुंद झाली की वेग वाढतो आणि दाब उतरतो. कार्बोरेटरच्या गळ्यात नेमकं हेच घडतं. पिस्टन हवा ओढतो, हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब उतरतो. खालच्या वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. त्या फरकामुळे पेट्रोल बारीक भोकाच्या पितळी जेटमधून वर चढतं आणि तुषार होऊन हवेत मिसळतं. वाटीत पेट्रोलची पातळी कायम राहावी म्हणून एक तरंगता फ्लोट असतो. पातळी वाढली की तो वर येऊन सुईने वाट बंद करतो. आपल्या घरातल्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखंच.

आता टू-स्ट्रोककडे वळू. स्कॉटलंडच्या ड्यूगल्ड क्लार्क यांनी १८८१ मध्ये टू-स्ट्रोक इंजिनाचं पेटंट घेतलं, पण त्यांच्या इंजिनाला मिश्रण भरायला वेगळा पंप सिलिंडर लागायचा. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या जोसेफ डे यांनी १८९१ च्या सुमारास तो काढून टाकला. पिस्टनखालची क्रँककेस हाच त्यांनी पंप केला. त्यानंतर त्यांच्याच कारखान्यातल्या फ्रेडरिक कॉक नावाच्या कामगाराने १८९२ मध्ये आणखी एक सुधारणा केली: आत येणारी वाटसुद्धा पिस्टननेच उघडायची आणि बंद करायची. व्हॉल्व्ह गेले, हलणारे भाग उरले तीन: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट. तुमच्या-आमच्या स्कूटरच्या इंजिनाचं पूर्वरूप ते हेच. त्याला शेवटचा हात लावणारा माणूस कारखान्यातला कामगार होता, एवढं लक्षात ठेवा.

या साधेपणाची एक किंमत आहे. क्रँककेसमधूनच मिश्रण जाणार म्हटल्यावर तिथे फोर-स्ट्रोकसारखं ऑइल भरून ठेवता येत नाही. म्हणून ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. पंपावर ‘दोन लिटर, ऑइल टाकून’ म्हणण्याचा काळ तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. याचा अर्थ असा की टू-स्ट्रोक इंजिनाला खाणं आणि वंगण एकाच वाटेने मिळतं. पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचतं, आणि लीन मिश्रणाने इंजिन तापतं ते वेगळंच. पुढे जी गोष्ट सांगणार आहोत ती या एका वाक्यावर उभी आहे.

आपल्याकडे हे इंजिन घरोघरी गेलं ते स्कूटरमुळे. बजाज यांनी १९४८ पासून व्हेस्पा आयात केल्या, १९५९ मध्ये उत्पादनाचा परवाना मिळवला आणि पुण्याजवळ आकुर्डीला कारखाना उभा राहिला. १९७२ मध्ये चेतक आली. त्याच वर्षी नगरच्या किनेटिक इंजिनिअरिंगची लुना आली, ५० सीसीची. चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. आणि गल्लोगल्ली, झाडाखाली, एका पत्र्याच्या टपरीत एक माणूस बसलेला असायचा. डब्यात पेट्रोल, हातात स्क्रू ड्रायव्हर आणि जुना टूथब्रश. कंपनीचं पुस्तक इंग्रजीत, त्याने बहुधा ते पाहिलेलंही नसायचं.

तो काय करायचा? गाडी मिसिंग करते म्हटल्यावर आधी पेट्रोलचा कॉक बंद. मग वाटी उघडून तळाशी काय साचलंय ते पाहणं. टाकीतला गंज, पाण्याचे थेंब, नळीच्या रबराचे कण. फ्लोट कानाशी धरून हलवायचा. आत पेट्रोल खळखळलं तर तो फुटलाय, म्हणजे बुडणार आणि गाडी ओव्हरफ्लो होणार. सुईच्या टोकाला झिजून रिंग पडलीय का, ते नखाने बघायचं. मग जेट काढून उजेडाकडे धरायचा. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. न दिसलं तर पेट्रोलमध्ये बुडवून फुंकर, नाहीतर पंपाची हवा. तार कधीच नाही! पितळ मऊ असतं, तारेने भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रणाचं प्रमाण कायमचं बिघडतं. बेर्टाबाईंची पिन नळीला चालली, जेटला चालली नसती.

शेवटी सगळं जोडून इंजिन गरम करायचं आणि कानाने सेटिंग करायचं. गार इंजिनावर केलेलं सेटिंग पुढच्या चौकात दगा देतं. मग प्लग काढून त्याचा रंग पाहायचा. काळा आणि ओलसर असेल तर मिश्रण रिच. पांढरट, जळल्यासारखा असेल तर लीन. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर गाडी घेऊन जा.

इथे आमच्या विषयाचा संबंध येतो. वर्गात आम्ही अनुमान शिकवायचो ते न्यायदर्शनातल्या जुन्या उदाहरणाने: डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. धूर हा हेतू. धूर तिथे अग्नी, हा नियम म्हणजे व्याप्ती. पण हा नियम उलटा करता येत नाही. अग्नी तिथे धूर, असं म्हटलं तर तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा दाखवतात. अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओलं सरपण लागतं, आणि या न सांगितलेल्या अटीला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. हे आम्ही पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं.

आता गोष्ट. १९८० च्या दशकातली. आमची स्कूटर घाटात दम तोडू लागली. यापूर्वी दोनदा असंच झालं होतं आणि दोन्ही वेळा जेटमध्ये कचरा निघाला होता. नेहमीच्या मेकॅनिककडे नेली. त्याने कार्बोरेटर उघडला, साफ केला, गॅस्केट नवीन घातलं. गाडी चालू करून अॅक्सिलरेटर पिळला आणि सोडला. तो सोडल्यावरही इंजिन काही वेळ मोठ्याने गरगरतच राहिलं. त्याने प्लग काढून आमच्यापुढे धरला. पांढरा.

तो म्हणाला, “सर, दुखणं कार्बेटरमध्ये नाही. गाडी दुसरीकडून हवा ओढतेय. क्रँकचं ऑइल सील गेलंय. इंजिन उतरवावं लागेल, दोन दिवस गाडी ठेवा.”

आम्हाला वाटलं, काम वाढवतोय. आम्ही म्हणालो, “अहो, कचराच असेल. मागच्या दोन्ही वेळा तोच होता ना?” तो काही बोलला नाही. आम्ही गाडी घेऊन निघालो, दुसऱ्या एका ठिकाणी कार्बोरेटर परत साफ करून घेतला आणि त्या रविवारी साताऱ्याला निघालो.

खंबाटकीचा चढ अर्धा झाला असेल. आवाज बदलला, गाडी खेचेनाशी झाली आणि एकदम मागचं चाक धरलं गेलं. हाताने क्लच दाबला गेला तो निव्वळ भीतीने. मागून ट्रक येत होता. गाडी कशीबशी कडेला गेली. आम्ही धडधाकट राहिलो यात आमचं कर्तृत्व काहीच नाही.

टेम्पोत घालून गाडी परत त्याच टपरीवर आणली. त्याने इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे. सील हातात दिलं, त्याचा रबरी ओठ लाकडासारखा कडक झाला होता. तिथून क्रँककेसमध्ये जास्तीची हवा शिरत होती. पेट्रोलचं प्रमाण उतरलं, त्याच्याबरोबर ऑइलचंही, आणि चढावर पिस्टन तापून सिलिंडरला चिकटला. तो एवढंच म्हणाला, “सर, क्लच धरलात ते बरं झालं.”

त्या रात्री आम्ही दोघांची अनुमानं शेजारी मांडून पाहिली. आमचं असं: घाटात गाडी अडते, म्हणून जेटमध्ये कचरा. दोन दाखल्यांवरून बांधलेली व्याप्ती आणि उपाधीचा विचार शून्य. त्याचं असं: प्लग पांढरा आणि इंजिन गरगरतं, म्हणून मिश्रण लीन. लीन म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. जेट स्वच्छ आहे, म्हणजे पेट्रोल कमी नाही. हवा जास्त, तर ती कुठून? गॅस्केट नवं आहे. उरलं सील. एकेक शक्यता काढून टाकत जे उरतं त्यावर येणं, याला न्यायात ‘परिशेष’ म्हणतात. तो शब्द आम्हाला माहीत होता, ती कृती त्याला येत होती.

गिल्बर्ट राइल यांनी १९४९ च्या पुस्तकात ‘काय आहे हे जाणणं’ आणि ‘कसं करावं हे जाणणं’ यांत भेद केला. तो भेद आम्ही शिकवायचो, आणि दुसऱ्या प्रकाराला मनातल्या मनात खालची पायरी द्यायचो. खंबाटकीत जे घडलं त्याचं मूळ यांत्रिक बिघाडापेक्षा या पायरीत होतं. डॉक्टरेट नसलेल्या माणसाचा तर्क आम्हाला तर्क वाटलाच नाही. कसब वाटलं, आणि वर संशयही घेतला.

आता हे इंजिन रस्त्यावरून जवळजवळ गेलं. ते जायलाच हवं होतं, याबद्दल हळहळ नको. त्यात जळालेला वायू बाहेर जाताना ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच निसटतो, आणि ऑइलचा निळा धूर तर आपण सगळ्यांनी गिळलाय. १९९१, १९९६ आणि २००० चे प्रदूषणाचे नियम क्रमाने कडक होत गेले तसे टू-स्ट्रोक मागे पडले. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा आल्यावर नव्या दुचाकींतून कार्बोरेटरही जवळपास हद्दपार झाला. त्याच्या जागी सेन्सर आणि इंजेक्शन आलं.

कोकणातल्या बागांत मात्र ग्रास कटरच्या रूपाने ते छोटं इंजिन अजून घुमतंय. ते आडवंतिडवं धरावं लागतं, म्हणून त्यात फ्लोट नसतो, एक पातळ पडदा असतो. पडदा कडक झाला की मशीन उचल खात नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या रबराचं आयुष्य घटतं, आणि त्याच जेटमधून मिश्रणही किंचित लीन होतं. तेव्हा हंगाम संपला की टाकी रिकामी करून मशीन ठेवा, आणि दुरुस्तीला द्याल तेव्हा समोरचा काय सांगतो ते पुरतं ऐकून घ्या.

हेच आजचं आमचं सांगणं. झाडाखालच्या त्या टपऱ्या आता उठत चालल्या आहेत. तिथल्या माणसांनी जे ज्ञान चाळीस-पन्नास वर्षं सांभाळलं ते कुणी लिहून ठेवलं नाही, कारण लिहिणाऱ्यांना, म्हणजे आम्हाला, ते ज्ञानच वाटलं नव्हतं. तुमच्या ओळखीत असा कोणी असेल, तर एक दिवस त्याच्या शेजारी बसा. काय केलं एवढंच विचारू नका, ‘कशावरून ओळखलंत’ हे विचारा, आणि उत्तर लिहून घ्या. आम्ही ते वेळेत विचारलं नाही. ती टपरी रस्तारुंदीत गेली, आणि तो माणूस कुठे गेला हे विचारायलाही आम्ही उशिराच पोचलो.

इथेच थांबतो.