अठरा कचेरी

बंगळूरच्या कब्बन उद्यानालगत तांबड्या रंगाची एक भव्य वास्तू आहे. सरकारच्या अठरा खात्यांसाठी १८६४ ते १८६८ या काळात ती बांधली गेली, म्हणून तिचे नाव ‘अट्टारा कचेरी’. ‘अठरा’ आणि ‘कचेरी’ हे दोन्ही शब्द मराठी कानाला घरचेच वाटतात. आज तेथे कर्नाटकाचे उच्च न्यायालय आहे. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि तोवर मुंबईकडे जाणारी बेळगावची दिवाणी अपिले या न्यायालयाकडे आली. २००८ पासून धारवाडला खंडपीठ बसू लागले, तेव्हा कुठे तिकडच्या पक्षकारांचा लांबचा प्रवास टळला.

या वास्तूच्याही आधीचा काळ पाहू. १८३४ साली म्हैसूरचा कारभार कमिशनर मार्क कब्बन याच्या हाती आला. त्याच वर्षी ‘हुजूर अदालत’ स्थापन झाली. पण तिच्या निकालावरचे अपील कमिशनरपुढेच चाले. सारा वसूल करणारा आणि अखेरचा न्याय देणारा अधिकारी एकच! १८५६ साली न्यायखात्यासाठी स्वतंत्र कमिशनर नेमला गेला, १८८४ साली ‘चीफ कोर्ट’ आले आणि १९३० साली त्याचेच उच्च न्यायालय झाले. कारभार आणि न्याय यांची फारकत अशी पायरीपायरीने झाली.

तरीही जुनी सवय करारपत्रांच्या कलमांत तग धरून होती. तीर्थहळ्ळी येथील एका भातगिरणीने सरकारशी करार केला होता. अटींचा भंग झाल्यास नुकसानभरपाई सरकारने ठरवावी आणि ती जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करावी, असे त्यात लिहिले होते. परंतु भंग झाला की नाही, हे कोणी ठरवायचे? उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने निर्णय दिला की, भंगाविषयीच वाद असेल तर करारातील एका पक्षाला तो निकालात काढता येणार नाही. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम केला. भंग कबूल असेल, तर रकमेचा हिशेब सरकारी अधिकाऱ्याने खुशाल करावा. वाद असेल, तर निवाडा तिऱ्हाइताचाच हवा.

श्रोतेहो, सरकारी करारावर सही करणारा लहान व्यापारी क्वचितच अटी बदलून घेऊ शकतो. त्याला आधार एवढाच, की वाद उद्भवला तर समोरचा पक्ष न्यायासनावर बसलेला नसेल. तो आधार मिळण्यास कब्बनच्या काळापासून दीडशे वर्षे लागली.