किरमिजी धागा

मराठीत आपण ‘किरमिजी’ रंग म्हणतो. शालूचा किंवा पागोट्याचा रंग सांगताना हा शब्द सहज ओठांवर येतो. पण त्याच्या पोटात एक किडा दडलेला आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. संस्कृतातील ‘कृमि’, फारसीतील ‘किर्म’ आणि त्यावरून झालेला ‘किर्मिझ’ ही एकाच घराण्यातील मंडळी. आर्मेनियन भाषेत तांबड्याला ‘कर्मिर’ म्हणतात. तोही शब्द याच गोत्रातला. आणि ज्या रंगाने प्राचीन काळी त्या देशाचे नाव दूरवर नेले, त्याला तेथील लोक ‘वोर्दान कर्मिर’, म्हणजे किड्याचा तांबडा, असेच म्हणत आले आहेत.

अरारात पर्वताच्या पायथ्याशी अराक्स नदीचे खोरे आहे. तेथील खारवट, पाणथळ जमिनीत उगवणाऱ्या गवताच्या मुळांवर हा किडा वाढतो. एरवी तो दृष्टीस पडत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात थोडे दिवस, आणि तेही सकाळच्या प्रहरी, माद्या जमिनीवर येतात. तेवढ्या वेळात त्या टिपून घ्यावयाच्या, वाळवावयाच्या आणि अंगची चरबी काढून मग रंग उतरवावयाचा. चरबी फार, म्हणून काम किचकट. पाचव्या शतकातील इतिहासकार घाझार पार्पेत्सी याने या किड्याचा उल्लेख केला आहे. दहाव्या शतकातील अरब भूगोलवेत्ता इब्न हौकल याच्या ग्रंथात द्विन नगरीच्या कापडाची कीर्ती आढळते. सोळाव्या शतकात मेक्सिकोचा कोशिनील बाजारात आला आणि या रंगाचा भाव उतरला. पुढे सोव्हिएत राजवटीत शेतीसाठी त्या दलदली उपसल्या गेल्या. किडाच दुर्मिळ झाला, तेव्हा १९८७ मध्ये त्याच्यासाठी राखीव क्षेत्र करावे लागले.

आर्मेनियन घरातील प्रत्येक तांबडी वस्तू मात्र या किड्याने रंगलेली नसे. तो रंग राजांचा, धर्मगुरूंचा आणि हस्तलिखितांतील चित्रांचा. शेतकऱ्याच्या घरातले तांबडे बहुधा मंजिष्ठाच्या मुळीचे, तुरटीने पक्के केलेले. त्या घराच्या मध्यभागी जमिनीत पुरलेली ‘तोनिर’ नावाची भट्टी असे. आपल्या तंदुराची ती सख्खी बहीण. हिवाळ्यात तिच्यावर ठेंगणे मेज ठेवून वर जाड पांघरूण पसरीत आणि सारे कुटुंब पाय आत घालून भोवती बसे. गाद्या-रजया दिवसा घडी घालून भिंतीशी रचीत. त्या थप्पीला ‘त्साल्क’ म्हणत, आणि तिच्यावर घरचीच विणलेली झाकण असे. गाठी मारून विणलेला, लव असलेला गालिचा तो ‘गोर्ग’. सपाट विणीचा तो ‘कार्पेत’. शिवाय उशांचे अभ्रे, मिठाची पिशवी, खोगिरावर टाकावयाच्या जोडपिशव्या. मुलगी सासरी जाईपर्यंत हे सामान तिच्या हातून तयार होत राही.

विणणारीचे नाव सहसा उरत नाही. गोहार ही त्याला अपवाद. सतराव्या-अठराव्या शतकांच्या संधिकालातील, काराबाख भागातला मानला जाणारा तिचा गालिचा प्रसिद्ध आहे. आपण पापी व दुबळ्या जिवाची, आपल्या नवशिक्या हातांनी हे विणले, वाचणाऱ्याने आपल्यासाठी प्रार्थना करावी, अशा अर्थाचा मजकूर तिने विणीतच घातला आहे. नवशिकेपणाची कबुली मला तरी फारशी खरी वाटत नाही. गालिचा उस्तादाच्या तोडीचा आहे. त्याच काराबाखमधील शुशी गावच्या गालिचा-संग्रहालयातील काही नमुने २०२० च्या युद्धात येरेवानला हलवावे लागले, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये एक लाखाहून अधिक आर्मेनियन लोकांनी तो प्रदेश सोडला.

भरतकामाचा मुलूख आणखी पश्चिमेकडे, आज तुर्कस्तानात असलेल्या शहरांत. आइंताबचे काम पांढऱ्यावर पांढरे. कापडाचे काही धागे काढून टाकावयाचे आणि उरलेल्यांना बांधून जाळी उभी करावयाची. मराशचे काम निराळे. आधी कापडावर लांब, तिरकस टाक्यांचा सांगाडा घालतात. मग सुई कापडाला न टोचता त्या टाक्यांच्या वरून-खालून फिरते आणि गुंफलेला क्रूस तयार होतो. श्रोतेहो, आपल्याकडे भरतकाम शिकलेल्या भगिनींना हे वर्णन ओळखीचे वाटेल. हाच तो आपला ‘सिंधी टाका’. सुरतेस आर्मेनियन व्यापाऱ्यांची वसाहत होती, एवढ्यावरून कोणी तो तिकडून आला असे सांगतात. तेवढ्या पुराव्यावर मी तसे म्हणणार नाही. उलट दिशेची देवघेव मात्र पक्की आहे. अठराव्या शतकात मद्रासच्या आर्मेनियन व्यापाऱ्यांनी तेथील कारागिरांकडून वेदीपुढील चितारलेले सुती पडदे करवून मायदेशीच्या चर्चना पाठविले होते.

१९१५ मध्ये ऑटोमन सरकारने आर्मेनियनांना घरांतून हुसकावून सीरियाच्या वाळवंटाकडे हाकलले; लक्षावधी माणसे मारली गेली अथवा वाटेत मेली. महायुद्ध संपल्यावर काही मराशला परतले, परंतु फेब्रुवारी १९२० मध्ये फ्रेंच फौजेने ते शहर सोडले आणि पुन्हा कत्तल झाली. उरलेले पुढे देशोधडीला लागले. एलेप्पोत आणि बैरुतमध्ये निर्वासित बायकांनी सुईवर पोट भरले. आईने शिकविलेल्या टाक्याला त्या गावाच्या नावानेच ओळखीत: हे मराशचे, ते आइंताबचे. मराशमध्ये आर्मेनियन वस्ती उरली नाही. ते नाव टाक्याला चिकटून राहिले.

लेबनॉनमधील गझीर येथे अमेरिकन मदतसंस्थेचे अनाथालय होते. तेथील मुलींनी सुमारे दहा महिने खपून एक गालिचा विणला. अकरा फुटांहून अधिक रुंद, अठरा फुटांहून अधिक लांब, फुलाझाडांनी आणि पशुपक्ष्यांनी भरलेला. त्यात ४४ लाखांहून अधिक गाठी आहेत. डिसेंबर १९२५ मध्ये तो कृतज्ञतेपोटी राष्ट्राध्यक्ष कुलिज यांना देण्यात आला. कुलिज निवृत्त होताना तो बरोबर घेऊन गेले. १९८२ मध्ये त्यांच्या घराण्याने तो व्हाइट हाउसला परत केला. त्यानंतर तो बहुतेक काळ कोठारातच होता. २०१३ मध्ये एका प्रदर्शनासाठी त्याची मागणी झाली, तेव्हा तो देण्यास नकार मिळाला. अखेर नोव्हेंबर २०१४ मध्ये, थोडे दिवस, तो लोकांना पाहावयास मिळाला.